एका वेळी एकच गाडी

सुकराम, तेरा दिवसांपूर्वी तुला खांद्यावर घेऊन आम्ही नव्या पुलापाशी पोचलो तेव्हा पलीकडून मॅगनीजच्या तीन गाड्या येत होत्या. पुढचा डावा खांदा माझा होता. मला वाटलं, आता कडेला सरकावं लागेल. पूल रुंद आहे, गाड्याही जातील आणि आपणही जाऊ. पण पहिल्या ड्रायव्हरनं पलीकडच्या टोकालाच गाडी उभी केली, इंजिन बंद केलं आणि खाली उतरला. मागचे दोघंही उतरले. आपली माणसं पूल पार करून जाईपर्यंत ते डोक्यावरचे रुमाल काढून उभे होते.

त्यातला एकही तुझ्या वेळचा नव्हता. सिमेंटच्या या पुलावर अशा गाड्या ओळीनं उभ्या केल्या तरी त्याला काही होत नाही, हे त्यांना माहीत आहे. मेलेल्या माणसाचा मान म्हणून थांबले असतील, तर तेही खरं. पण मी बघतो ना रोज, एरवीही ते या नाल्यावर थांबतात. समोरची गाडी उतरेपर्यंत मागची चढत नाही. नवा ड्रायव्हर आला की जुना त्याला सांगतो, इथं एका वेळी एकच गाडी. त्यानं काहून म्हणून विचारलं, तर जुन्यालाही धड सांगता येत नाही.

मला सांगता येतं. लिहिणं हे काही माझं काम नाही. सातवीपर्यंत शिकलो, पुढं सारा जन्म स्टिअरिंग धरलं. पण आज दुपारी तुझ्या तेरवीच्या पंगतीत जे झालं, ते तुला कळवल्याशिवाय मला चैन पडणार नाही. आणि ते कळवायचं तर मागचंही सगळं सांगितलं पाहिजे.

आपण एका गावचे. नाकाडोंगरीच्या शाळेत एका सतरंजीवर बसलो. तू बापाच्या मागं रस्त्याच्या गँगवर लागलास आणि पुढं मुकादम झालास. मी मॅगनीजच्या गाडीवर ड्रायव्हर झालो. खाणीतून माल भरायचा आणि तुमसरच्या रेल्वे धक्क्यावर नेऊन रिता करायचा. म्हणजे काय, तू रस्ता बनवायचास आणि मी मोडायचो. लोक हे गमतीनं म्हणत. तू कधी गमतीनं घेतलं नाहीस.

सत्तर सालानंतर गाड्या वाढत गेल्या. तुझी गँग खड्ड्यात गिट्टी भरायची, वरून मुरूम दाबायची, आणि आठ दिवसांत तिथंच नवा खड्डा पडायचा. मी खिडकीतून हात दाखवायचो. तू हात दाखवायचा नाहीस, चाकांकडं बघायचास. मला तुझा राग यायचा. वाटायचं, हा माझ्याकडं बघत नाही, माझ्या टायरकडं बघतो.

एकदा तुझ्या बांधीतला धान कापणीला आला होता. मी सुट्टीवर होतो म्हणून भारे उचलायला आलो. बाया, गडी, सगळे एकेक भारा डोक्यावर घेऊन दोन बांध्यांमधल्या मातीच्या अरुंद धुऱ्यावरून खळ्याकडं जात होते. मला जोर दाखवायचा होता. मी दोन भारे एकावर एक घेतले. मधोमध धुरा माझ्या पायाखाली फुटला, मी चिखलात गुडघाभर रुतलो आणि वरच्या बांधीतलं पाणी खालच्या बांधीत धो धो उतरायला लागलं. सगळे हसत होते. तू फावडं घेऊन धुरा बुजवायला बसलास आणि म्हणालास, "पाहून घे हिरामण. सकाळपासून तीस जण एकेक भारा घेऊन गेले, धुरा काही बोलला नाही. तू दोन घेऊन एकदाच गेला."

"मंग काय झालं? दोनच तर होते."

"तेच सांगून राहिलो. दुप्पट वजनानं दुप्पट नुकसान होत नाही गा. लय जास्त होते. ओव्हरसियर साहेबानं मले सांगतलं. मले तवा समजलं नव्हतं, आता समजलं."

मी पाय धुतले आणि विसरून गेलो.

गावाजवळच्या नाल्यावरचा जुना पूल दगडी कमानीचा होता. बैलबंड्या जाव्यात म्हणून कोणे काळी बांधलेला. चुन्यात बसवलेले दगड, वर मातीचा भराव, त्यावर डांबर. एका पावसाळ्यानंतर तू कमानीखाली उतरलास आणि तुला भेग दिसली. बोटभरही रुंद नव्हती. तू तुमसरला जाऊन ओव्हरसियर साहेबांना घेऊन आलास. साहेब तरुण होते. त्यांनी तुला काचेच्या पट्ट्यांची युक्ती शिकवली. फोटोला काच बसवणाऱ्याकडून बोटभर रुंदीच्या पट्ट्या कापून आणायच्या, भेगेवर आडव्या ठेवायच्या आणि दोन्ही टोकं सिमेंटनं दगडाला चिकटवायची. काच ताणली जात नाही. भेग केसभर जरी हलली, तरी पट्टी तडकते. मग समजायचं की पूल उघडतो आहे.

तू पाच पट्ट्या लावल्यास. रोज सकाळी गँग कामाला लागायच्या आधी नाल्यात उतरून बघायचास. तुझ्या घरी वच्छलावहिनी म्हणायच्या, "देवाले हात जोडाच्या आंधी यायले पुलाचं दर्शन पाहिजे." पहिली पट्टी आठवड्याच्या आत तडकली.

साहेबांनी कागद वर पाठवले. पुलाच्या दोन्ही बाजूंना वजनाची मर्यादा लिहिलेली पाटी लागली. नवा पूल मंजूर व्हायला वेळ लागणार होता, तोवर याच पुलाला सांभाळायचं होतं. आणि सांभाळणारा म्हणून तिथं तू एकटा होतास, हातात लाल झेंडी घेऊन.

पाटीकडं आम्ही कोणी बघितलं नाही. बघून काय करायचं होतं? मॅगनीज दिसायला थोडा आणि वजनाला भारी. गाडीचा फाळका, म्हणजे मागचा हौदा, निम्म्यापर्यंत भरला की वजन पुरं होतं. पण निम्मी रिकामी गाडी कोणत्याही मालकाला बघवत नाही. भरणारे फाळक्याच्या काठापर्यंत भरत, आणि आम्ही नेत होतो.

तू पहिली गाडी थांबवलीस ती माझी. मुद्दाम, हे मला नंतर कळलं. मित्राला सोडलं तर बाकीच्यांना अडवायला तोंड राहिलं नसतं.

"अर्धा माल इथंच उतरव," तू म्हणालास.

"पागल झाला काय बे? मालक मले घरी बसवन."

"पूल पडला तर तू घरी पोचशीन काय?"

"रोज जाऊन राहिलो. कुठं पडला?"

तू मग झेंडी गुंडाळलीस आणि म्हणालास, "जा मंग. पण मी खाली उभा राहातो. तुले पूल धड वाटते ना? मंग मले काही होणार नाही." आणि खरंच उतरून कमानीखाली गेलास.

सुकराम, त्या वेळी मी गाडी मागं घ्यायला पाहिजे होती. मागं दोन गाड्यांचे हॉर्न वाजत होते. तू मला सगळ्यांसमोर खाली बघायला लावलं होतंस, आणि त्या रागात मी पहिला गिअर टाकला. पूल लांब नव्हता, पण मला तो संपता संपेना. पलीकडं गेल्यावर गाडी उभी करून मी धावत नाल्यात उतरलो. तू कमानीखाली दगडाला हात लावून उभा होतास. केसांत, खांद्यावर चुन्याची पांढरी भुकटी. तू एवढंच म्हणालास, "आता तू उभा राहा."

मी उभा राहिलो. तू माझा हात धरून भेगेशेजारच्या दगडावर ठेवलास. वरून मागची गाडी आली. आधी बारीक थरथर आली, मग दगड हलला. माझ्या तळव्याखाली दगड हलला आणि परत जागेवर बसला, आणि डोळ्यांत भुकटी गेली. आम्ही वर बसून गाडी हाकतो तेव्हा आपल्या खाली काय होतं, हे मला इतक्या वर्षांत कळलं नव्हतं. मी घाबरलो होतो. तू घाबरला होतास की नाही, ते मी विचारलं नाही. विचारायला हवं होतं.

त्यानंतर मी तुझ्या बाजूचा झालो. साहेबांनी माझी गाडी तुमसरच्या वजनकाट्यावर घेतली आणि थोडा थोडा माल उतरवत वजन मर्यादेत आणलं. जिथं माल थांबला, तिथं फाळक्याच्या आतून तू पांढऱ्या रंगाची रेघ ओढलीस. माझ्या गुडघ्याच्या थोडी वर आली ती. म्हणालास, "आता वाचता येवो का न येवो, भरणाऱ्यालेही समजते."

नाक्यावरच्या चहाच्या टपरीवर आपण बाकीच्या ड्रायव्हरांना जमवलं. तू बोललास, पण ऐकलं त्यांनी माझं, कारण मी त्यांच्यातला होतो. मी म्हटलं, आपल्याला खेपेवर पैसे मिळतात. माल कमी नेला तर खेपा वाढतील, आपलं काय जातं? फगन सगळ्यात मोठ्यानं बोलणारा. तो म्हणाला, "रेघ पाहून माल भरला तर मालक मलेच फाळक्यात भरून पाठवन." सगळे हसले. पण बाकीच्यांत पहिली रेघ मारून घेतली ती त्यानंच. मग सात-आठ गाड्यांवर तू रेघा ओढल्यास. पुलावर एका वेळी एकच गाडी, ती मधोमध, माणूस चालतो त्या चालीनं, आणि नाल्याला पूर आला की कोणीच नाही. कुठल्या कागदावर हे लिहिलेलं नव्हतं. तरी पाळलं गेलं. त्या हिवाळ्यात आणि उन्हाळ्यात तुझी एकही काच तडकली नाही. तुला इतकं खूश मी तुझ्या लग्नातही पाहिलं नव्हतं.

आता पुढचं. हे मी कोणालाच सांगितलेलं नाही.

दुसऱ्या वर्षी दिवाळीच्या तोंडावर धक्क्यावर मालगाडी लागली होती. डबे त्याच दिवशी भरून द्यायचे होते. माझा मालक, ज्याला आम्ही शेठ म्हणत असू, तो स्वतः खाणीवर आला आणि म्हणाला, आज रेघबिघ काही बघायची नाही, काठापर्यंत भर, वरून ताडपत्री टाक. मी म्हटलं, पूल आहे. तो म्हणाला, मग उद्यापासून गाडीवर दुसरा येईल. मी भरली. तू त्या दिवशी गँगच्या पगारासाठी तुमसरला गेला होतास, हे मला माहीत होतं. दुपारी तीनच्या सुमारास मी पूल पार केला. अगदी हळू, अगदी मधोमध. नियमाचं तेवढं तरी पाळतो आहे, असं मनाशी म्हणत.

दुसऱ्या दिवशी सकाळी तू टपरीवर आलास. रुमालात तडकलेल्या पट्टीचे दोन तुकडे होते. तू ते बाकावर ठेवलेस आणि विचारलंस, "काल भरून कोणं नेली?"

मग एकानं फगनकडं बघितलं, दुसऱ्यानं बघितलं. आदल्या संध्याकाळी फगन तिथंच बढाई मारत होता की मुकादम गावात नाही, आज मी राजा. त्याची ती बोलायची पद्धतच होती. तू त्याला म्हणालास, "फगन, तुही गाडी आता या पुलावर येणार नाही."

"मायची आण, सुकराम, रेघेच्या वर एक गोटा नव्हता."

"तुले मजाक वाटते."

"मी सांगून राहिलो ना, मी नाही नेली."

मी तिथंच होतो. माझ्या हातात चहाचा ग्लास होता. एक वाक्य बोलायचं होतं. मी ग्लास संपवला, धुतला आणि गाडीकडं गेलो.

फगनच्या मालकानं त्याला काढलं. बाकीच्या ड्रायव्हरांनीही त्याला जवळ केलं नाही. पूल बंद पडला असता तर सगळ्यांचंच काम गेलं असतं, म्हणून सगळेच चिडलेले होते. दिवाळी झाली आणि तो बायको-पोरं घेऊन बालाघाटकडं निघून गेला. त्याचा भाऊ गावातच राहिला. त्याच्या घराला लोक अजून पूलफोड्याचं घर म्हणतात. मी दर वेळी ऐकतो.

पुढच्या श्रावणात माझी माय आजारी पडली. पोटात दुखायला लागलं आणि ओकाऱ्या थांबेनात. दोन दिवस झड लागली होती. नाला भरून वाहत होता आणि तू पूल बंद केला होतास. एसटी पलीकडेच येऊन थांबायची, लोक पायी पूल पार करून जायचे. सगळं गाव तुला शिव्या देत होतं. मी मायला गाडीत घातलं आणि पुलाशी आणलं. तू रस्त्यात आडवा लाकडी ओंडका टाकून पावसात उभा होतास.

"ओंडका काढ," मी म्हटलं. "गाडी रिकामी हाय. एकटी माय हाय गाडीत."

"काचा पाण्याखाली हायेत, हिरामण. मले आज काही दिसून नाही राहिलं. दिसत नाही तोवर चाक चढणार नाही."

"माय मरून राहिली, सुकराम."

"मायले मी नेतो."

तू गँगच्या तिघांना हाक मारलीस. कोणाच्या तरी घरून खाट आली. मायवर घोंगडी टाकली, घोंगडीवर ताडपत्री. चौथा खांदा तुझा होता. तुम्ही चौघं त्या पुरावरून तिला पायी घेऊन गेलात, मी मागं छत्री धरून. खाली पाण्याचा आवाज इतका होता की मायचं कण्हणं ऐकू येत नव्हतं. पलीकडं तू आधीच माणूस पळवून एसटी थांबवून ठेवली होतीस. ड्रायव्हरला म्हणालास, "सरळ दवाखान्यात. मंधात कुठं थांबू नको." आणि परत ओंडक्यापाशी गेलास.

माय चौथ्या दिवशी गेली. डॉक्टर म्हणाले, अर्धा तास आधी आणली असती तरी काही वेगळं झालं नसतं. मी ते मानलं नाही. मला कोणावर तरी ठेवायचं होतं. मायच्या तिरडीपाशी सगळ्यांदेखत मी तुला म्हटलं, तू रस्ता अडवला नसता तर माझी माय वाचली असती. आणि पूल पडला नव्हता. त्या पावसाळ्यात नाही, पुढच्याही नाही. त्यामुळं माझं म्हणणं आणखीच खरं वाटत गेलं. वर्षभर मी तुझ्याशी बोललो नाही.

मायच्या वर्षश्राद्धाला तू आलास. बोलावलं नव्हतं. पंगतीत वाढायला भाताचं भांडं उचललंस आणि शेवटच्या पानापर्यंत वाढत गेलास. माझ्या पानाशी आलास तेव्हा मी नको म्हटलं नाही. तेवढ्यावरच आपलं पुन्हा सुरू झालं.

नवा पूल झाला, गाड्या त्यावरून जायला लागल्या, आणि जुना पाडायचं ठरलं. तू मला बोलवायला आलास, "चाल, तुहं भांडण मिटवून टाकू. आतून कसा हाय ते पाहू." आपण दोघं नाल्याच्या काठावर मोहाच्या झाडाखाली बसून तो दिवसभर बघत होतो. भेगेकडच्या बाजूला मजुरांनी पहार लावली आणि दगड हातानं उचलावे तसे सुटत गेले. चुना नुसता पीठ झालेला. दुपारपर्यंत अर्धी कमान खाली आली. तू माझ्याकडं बघितलंस. मग दुसरी बाजू सुरू झाली आणि ती काही केल्या हलेना. पहारी वाकल्या. ती बाजू पाडायला पुढचे चार दिवस लागले.

"पाहून घे," मी म्हटलं. "हे बाजू अजून शंभर वर्षं उभी राहिली असती."

"हे राहिली असती," तू म्हणालास. "पण गाडी अर्ध्या पुलावर कशी जाते, ते सांग."

आपण दोघंही हसलो. पण खरं सांगतो, माझं समाधान झालं नाही. त्या श्रावणात एक रिकामी गाडी पुलानं झेलली असती की नाही? तुला माहीत नव्हतं, मला माहीत नाही. तू असताना आपण यावर किती वेळा वाद घातला. तू म्हणायचास, माहीत नव्हतं म्हणूनच थांबवलं. मी म्हणायचो, माहीत नव्हतं तर एकदा सोडायचं होतं. आता मी एकटाच दोन्ही बाजूंनी बोलतो. या दोन आठवड्यांत तुझी बाजू माझ्या तोंडून जास्त नीट निघते आहे, एवढं कबूल करतो. सात-आठ वर्षं गाड्या त्या पुलावरून गेल्या, एसटी गेली, शाळेची पोरं गेली, लग्नाच्या वराती गेल्या, आणि कोणाला काही झालं नाही. कोणाला काही झालं नाही, म्हणून तू काय केलंस ते कोणाच्या ध्यानातही आलं नाही.

त्या दिवशी मोहाखाली बसून मी तुला दिवाळीचं सांगणार होतो. तोंडापर्यंत आलं होतं. तू बिडी पेटवलीस आणि म्हणालास, "काही म्हणून राहिला होता काय?" मी म्हटलं, नाही. तू म्हणालास, "बरं." आणि बराच वेळ माझ्याकडं बघत राहिलास. तेव्हा मला वाटलं, धुरानं डोळे बारीक केले असतील.

आज तेरवीला फगन आला होता. केस सगळे पांढरे. मी त्याला ओळखलं नाही, त्यानं मला ओळखलं. जेवण झाल्यावर तुझ्या अंगणात आम्ही हात धुवत होतो. वच्छलावहिनी तांब्यानं पाणी घालत होत्या. मला काय झालं माहीत नाही, मी ओल्या हातानंच त्याला म्हणालो, "फगन, ती गाडी माही होती."

तो हात धूत राहिला. मग म्हणाला, "मले माहीत हाय."

"कसं?"

"सुकराम आला होता माह्याकडं. त्याच वर्षी, होळीच्या आंधी. माफी मागाले." फगननं हात पुसले. "काठापर्यंत भरली का तुह्या गाडीच्या तळच्या पाटातून बारीक माल गळत होता ना. त्या दिवशी पुलावर काळी रेघ पडली होती, तुह्या मालकाच्या धक्क्यापर्यंत. त्याच्या ते मागून ध्यानात आलं. मी म्हटलं, मंग गावात सांग ना. तो म्हणे, हिरामणलेच सांगू दे. तो सांगन. मी वाट पाहातो."

वहिनी खाली बघत होत्या. म्हणजे त्यांनाही माहीत होतं.

होळीच्या आधी. म्हणजे श्रावणात मायच्या खाटेला तू खांदा दिलास तेव्हा तुला माहीत होतं. तिरडीपाशी मी तुला बोललो तेव्हा माहीत होतं. पंगतीत वाढताना, मोहाखाली बिडी ओढताना माहीत होतं. त्या वेळी तू विचारलंस आणि मी नाही म्हटलं.

सुकराम, तू मला इतकी वर्षं धरून ठेवलंस, याचे उपकार मी कसे फेडणार? पण एका गोष्टीत मी तुला सोडणार नाही. तू माझी वाट बघितलीस, आणि ती वाट फगन परमुलखात बसून भोगत राहिला. तू रोज सकाळी एका भेगेसाठी नाल्यात उतरायचास. फगनच्या भावाच्या दारावरून तू रोज जात होतास. तिथं तू का थांबला नाहीस? मला वाचवायला की मला घडवायला? तू चुकलास. मी तुझ्याहून जास्त चुकलो, म्हणून तुझी चूक बरोबर होत नाही. यावर आपलं चांगलं भांडण झालं असतं. तू ते टाळून गेलास.

मी फगनला विचारलं, आता काय करू? वहिनी म्हणाल्या, "आता ते गेले, आता सांगून कोणाले काय भेटणार?" फगन म्हणाला, "माहा भाऊ याच गावात राहाते. त्याले ऐकू दे." त्याच्या बोलण्यात राग नव्हता. राग असता तर मला सोपं गेलं असतं.

संध्याकाळ होत आली आहे. फगन आज भावाकडं मुक्कामाला थांबला आहे. उद्या सकाळी पहिल्या खेपेच्या गाड्या सुटायच्या आधी सगळे ड्रायव्हर टपरीवर असतात. मी दोघा भावांना तिथं यायला सांगितलं आहे. वहिनींनी मघाशी निरोप पाठवला की मीही येते. काय बोलायचं ते मी मनात दहा वेळा जुळवून बघितलं. शेठचं नाव आधी येतं, मालगाडी येते, तू तुमसरला गेला होतास ते येतं. मग ते सगळं मी काढून टाकलं. आता एकच वाक्य उरलं आहे आणि ते म्हणताना फगनच्या भावाकडं बघायचं आहे. तेवढं मला जमावं.